सतरा नंबरच्या खोलीतला माझा मुक्काम

मेडिकल कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात मी पाच तास बेचाळीस मिनिटं राहिलेली आहे. पाहुणी म्हणून नव्हे, रीतसर. ओळखपत्र होतं, किल्ली होती, पलंग होता आणि लाकडी पेटीतला माणसाचा अर्धा सांगाडा माझ्या नावावर लिहिलेला होता. तेव्हा मला बावन्नावं वर्ष चालू होतं आणि डॉक्टर व्हायचा माझा अजिबात विचार नव्हता. आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट हल्ली निरनिराळ्या प्रकारे सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी मी आधीपेक्षा थोडी जास्त वेंधळी होत जाते, म्हणून एकदा मीच सांगून टाकते.

मी एका शाळेत हेडक्लार्क आहे. सव्वीस वर्षं प्रवेशअर्ज घेतेय. खाडाखोड असली, रकाना रिकामा असला, फोटोला पिन टोचलेली असली की अर्ज परत. शाळेतले शिक्षक माझ्यामागे मला ‘परतबाई’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट एका परीनं ती माझ्या कामाची पावतीच आहे, असं मी मानत आले होते.

तर आमच्या लेकीला मेडिकलला प्रवेश मिळाला. कॉलेज घरापासून दोन बस बदलून अडीच तासांवर. पहिला तास सकाळी आठचा, हजेरीचा कडक नियम, आणि लेकीला लहानपणापासून गाडी लागते. पंधरा मिनिटांच्या प्रवासात ती हिरवी-पिवळी होते. रोज पाच तास बसमध्ये बसून ती पाच वर्षं डॉक्टरकी शिकणं शक्यच नव्हतं. वसतिगृहात खोली मिळाली तर शिक्षण, नाहीतर सगळंच अवघड, असा सरळ मामला होता. आमचे हे म्हणाले, “होईल गं सगळं.” ह्यांनी आजवर हे वाक्य प्रत्येक संकटात म्हटलेलं आहे आणि ते सगळं नंतर मी केलेलं आहे.

वसतिगृहं तीन होती. अर्जात पसंतीक्रम द्यायचा होता. एक जुनी दगडी इमारत, शवविच्छेदनाच्या हॉलपासून दोन मिनिटांवर, एका खोलीत दोघी. दुसरी सात मजली नवी, लिफ्टवाली, एकेकीला स्वतंत्र खोली, पण मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. तिसरी पार आठ किलोमीटरवर, तिथून कॉलेजची बस. लेक पहिल्याच दिवशी म्हणाली, “मला जुनी चालेल. हॉल जवळ आहे.”

इतका मोठा निर्णय इतक्या लवकर घ्यायचा नसतो, असं मी तिला समजावलं. मग आम्ही आठ दिवस विचार केला.

आमच्या समोरच्या घरात पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर राहतात. जगातल्या कुठल्याही इमारतीची परीक्षा ते वरच्या मजल्यावरच्या नळावरून करतात. “वहिनी, खोली काय बघता? खोल्या सगळ्या सारख्याच असतात. वरच्या मजल्यावर सकाळी सातला पाणी येतं का ते बघा,” असं म्हणून रविवारी ते स्वतःहून माझ्याबरोबर निघाले. सोबत एक घड्याळ आणि एक बादली. बादली बसमध्ये माझ्या मांडीवर होती.

नव्या इमारतीत आम्ही लिफ्टनं सातव्या मजल्यावर गेलो. ओव्हरसियरांनी बादली ठेवली, घड्याळाकडे बघितलं आणि नळ सोडला. धार बघून त्यांचा चेहरा खुलला. “दाब बघा, वहिनी.” मी बघत होते. बंद करताना त्यांनी खात्यातल्या सवयीनं जरा जोर लावला आणि नळाचं डोकं त्यांच्या हातात आलं. पुढची वीस मिनिटं मला आठवायची नाहीत. सातव्या मजल्यावरच्या मुली चपला हातात घेऊन पळत होत्या, पाणी जिन्यानं सहाव्यावर निघालं होतं, आणि ओव्हरसियर अंगठ्यानं नळ दाबून धरून सगळ्यांना सांगत होते की मूळ बसवणाऱ्याची चूक आहे. पहारेकऱ्यानं वहीत माझं नाव लिहून घेतलं. त्या इमारतीत परत तोंड दाखवायची सोय उरली नाही. तिसरी इमारत बसमुळे बादच होती. अशा रीतीनं सर्व बाजूंचा साकल्यानं विचार करून आम्ही जुन्या इमारतीला पहिली पसंती दिली.

आता अर्ज. लेक म्हणाली, “आई, मी भरते.” मी म्हटलं, “तुझं अक्षर आत्ताच डॉक्टरचं झालंय. तू फक्त सही कर.” ती काही बोलली नाही. ती फारसं बोलतच नाही, आणि ती गप्प राहिली म्हणजे तिला पटलं, असं मी अठरा वर्षं धरून चालले होते.

इथे माझी एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला. शाळेत प्रवेश सुरू झाले की मी आधी एक नमुना अर्ज भरते. पालकांना कळावं म्हणून तो काचेवर आतून चिकटवते. नमुना अर्धवट असून चालत नाही, एकही रकाना रिकामा नको. म्हणून मी त्यात स्वतःचं नाव घालते, स्वतःची जन्मतारीख घालते, फोटो कुठे लावायचा हे कळावं म्हणून स्वतःचा फोटो लावते, खाली सही करते. सगळ्यात शेवटी लाल शाईनं त्याच्यावर आडवं ‘नमुना’ लिहिते. ह्या पद्धतीमुळे खरा अर्ज कधी चुकत नाही. घरीही मी तसंच केलं. दोन कोरे अर्ज होते. एकावर माझ्या नावाचा नमुना. फक्त प्रवेश क्रमांक लेकीचा घातला, कारण माझा नव्हता आणि रकाना मोकळा ठेवणं मला जमत नाही. मग त्यावरून लेकीचा खरा अर्ज. लाल पेन घ्यायला उठले तेवढ्यात ओव्हरसियर आले. नळाच्या प्रकरणात त्यांनी कॉलेजला एक पत्र लिहिलं होतं, ते त्यांना वाचून दाखवायचं होतं. पत्र चार पानी होतं. ते गेले तेव्हा माझं डोकं उठलेलं होतं. दोन्ही अर्ज दोन सारख्या निळ्या फोल्डरांत होते. एक फोल्डर ह्यांच्या हातात दिलं आणि ह्यांनी ते जाऊन खिडकीत दिलं.

सोमवारी सकाळी मी आणि लेक ट्रंक, गादी आणि दोन पिशव्या घेऊन कॉलेजात पोचलो. बसमध्ये तिला दोनदा उतरावं लागलं. नवीन विद्यार्थ्यांचा सभागृहात दिवसभर कार्यक्रम होता, नऊ ते साडेचार, दारं बंद, बाहेर पडलं की गैरहजर. ती आत गेली. मी सामानापाशी उभी राहून यादी लागायची वाट बघत राहिले. दहाला यादी लागली. मुली यादीवर तुटून पडल्या. मी सगळ्या पांगल्यावर शांतपणे चष्मा लावून वाचायला गेले. लेकीचं नाव नव्हतं. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. जुनी इमारत, खोली सतरा, पलंग दुसरा, आणि त्यापुढे माझं नाव.

आधी वाटलं, माझ्याच नावाची कुणी मुलगी असेल. मग त्या नावापुढे ह्यांचं नाव दिसलं. घरी राहिलेल्या फोल्डरात काय आहे ते मला तिथे उभ्या उभ्या दिसलं.

वसतिगृहाच्या खिडकीत पंचविशीतला एक कारकून होता. चष्मा कपाळावर, बोलणं मृदू. त्यानं माझा अर्ज काढला, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“तुमचाच ना?”

“अक्षर माझंच आहे,” मी म्हटलं.

“सुरेख आहे अक्षर. साडेतीनशे अर्जांत हा एकच असा होता की काही विचारावं लागलं नाही.”

एरवी हे कौतुक मला दोन दिवस पुरलं असतं. मी विचारलं, “अहो, पण जन्मतारीख नाही का बघितलीत?”

“बघितली ना. रकाना भरलाय की नाही तेवढं आम्ही बघतो. पुढचं कॉम्प्युटर.”

मी सगळं सांगायला तोंड उघडलं, तसा त्यानं हात वर केला. “बाई, एक मिनिट. तुम्ही काय सांगणार ते मला कळलंय. पण तुम्ही ते सांगितलंत तर मला लिहून घ्यावं लागेल. अर्ज चुकीचा असं लिहिलं की खोली रद्द. रद्द झालेली खोली प्रतीक्षा यादीत जाते. यादीत एक्केचाळीस मुली आहेत. तुमच्या मुलीचा तर अर्जच नाही.”

मी खिडकीचा कठडा धरला. सव्वीस वर्षं माझ्या खिडकीपुढे माणसं अशी कठडा धरून उभी राहिली होती, आणि मी त्यांना बाजूला व्हायला सांगत आले होते.

कारकुनानं आवाज खाली केला. “नववा नियम वाचा. ज्यांच्या नावे खोली आहे त्यांनी पहिल्याच दिवशी पाचच्या आत खोली सोडली, तर त्यांना ती पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या मुलीच्या नावे करून देता येते. बहिणी-बहिणींसाठी केलेला नियम आहे. पाच वाजून एक मिनिटानं मात्र यादी.”

“मग मी आत्ता सोडते.”

“सोडायची तर आधी घ्यावी लागेल,” तो म्हणाला आणि त्यानं किल्ली पुढे सरकवली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

किल्लीबरोबर माझा फोटो लावलेलं ओळखपत्र आणि एक कागद मिळाला. खोली घेताना वॉर्डनबाईंची सही. सोडताना पुन्हा वॉर्डनबाईंची, खोलीतल्या जोडीदारणीची, भोजनगृहाची आणि हाडांच्या भांडाराची. “हाडांच्या कशाला?” मी विचारलं. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलीच्या नावावर खोलीबरोबर हाडांची पेटी निघते, असं कळलं. न घेता परत करता येत नाही.

वॉर्डनबाई उंच, करारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मान खाली घालूनच नियम म्हणत होत्या. “फाटकात उभं राहून गप्पा नाहीत. साडेआठनंतर बाहेर नाही. खोलीत शेगडी नाही. आईवडील पाचपर्यंतच.” मग त्यांनी वर बघितलं. हातातलं पेन खाली ठेवलं.

मी खरं सांगितलं असतं तर खोली गेली असती. नाही सांगितलं तर मी खोटारडी. मी आजवर एकही खोटी नोंद केलेली नाही. पण नीट विचार केल्यावर लक्षात आलं की कागदावर खोटं काही नव्हतंच. नाव माझं, फोटो माझा, वय तर नको इतकं खरं. मी गप्प बसले.

वॉर्डनबाई उठून उभ्या राहिल्या. “उशिरा शिकायला येणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चक्क हलला. त्यांनी बाहेरून जाणाऱ्या तीन मुलींना आत बोलावलं. “ह्यांच्याकडे बघा. घर आहे, संसार आहे, तरी आल्या. नाहीतर तुम्ही. आठच्या तासाला उठवत नाही तुम्हाला.” मुली माझ्याकडे बघत होत्या. मी जमिनीकडे बघत होते. इतकी खजील मी आयुष्यात झाले नव्हते, आणि त्यातही, कशाला लपवा, पाठ जरा ताठ झाली होती.

सतरा नंबरच्या खोलीत एक मुलगी पलंगावर मांडी घालून पाठांतर करत होती. पहिल्या वर्षाची परीक्षा तिला पुन्हा द्यायची होती आणि ती अठरा दिवसांवर आली होती. “खिडकीकडचा पलंग माझा,” ती न बघताच म्हणाली. मग बघितलं. “काकू, कुणाला सोडायला आलात?”

“मी मलाच सोडायला आलेय,” मी म्हटलं आणि माझ्या पलंगावर बसले. ट्रंक आणि गादी मी दोन मजले एकटीनं वर आणली होती.

तिला मी सगळं खरं सांगितलं. ती हसली नाही, हे मी तिचे उपकार समजते. म्हणाली, “सही देते काकू. पण आधी हे जरा धरा.” तिनं माझ्या हातात पुस्तक दिलं आणि डोळे मिटून हाताच्या नसा म्हणायला लागली. मी पुस्तकात बघत होते. तिसऱ्याच ओळीला चुकली. मी म्हटलं, “परत.” पुन्हा चुकली. “परत.” पाचव्या वेळी बिनचूक आलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की मला पुढचं संकट तिथेच कळायला हवं होतं.

साडेबाराला मी हाडांच्या भांडारात गेले. तिथले भांडारपाल साठीच्या आसपासचे, बारीक, खडूसारखे कोरडे. त्यांनी एकेक हाड कपड्यानं पुसून, त्याचं नाव मोठ्यानं उच्चारून, वहीत खूण करून माझ्या पुढ्यात ठेवलं. मी म्हटलं, “सगळी एकदम द्या, मला लगेच परत करायचीत.” त्यांनी काम थांबवलं. “बाई, पद्धत म्हणजे पद्धत.” मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्या माणसाबद्दल मनातून आदरही वाटला. पेटी भरली तेव्हा एकाला दोन मिनिटं होती. मी म्हटलं, “आता घ्या परत.” त्यांनी खिडकीवरची पाटी दाखवली. एक ते तीन बंद.

दोन तास ती पेटी घेऊन मी कुठे जाणार? खोलीत आणून ठेवली. भोजनगृहाचे व्यवस्थापक म्हणाले, तुमच्या नावाचं पान वाढलंय, जेवल्याशिवाय कार्ड बंद होत नाही. मी रांगेत उभी राहून जेवले. समोरच्या दोघी मुली मला ‘मॅडम’ म्हणावं की ‘अगं’ म्हणावं ह्या विचारात न जेवताच बसून राहिल्या होत्या. पण कार्ड बंद झालं. एक सही मिळाली. खोलीत परत येऊन मी जोडीदारणीचं पाठांतर घेत राहिले, आणि तीनला पाच कमी असताना पेटी उचलून निघाले.

भांडारपालांनी पुन्हा एकेक हाड पुसलं, नाव उच्चारलं, खूण केली. शेवटी वहीवर पेन टेकवून म्हणाले, “एक कमी. गुडघ्याची वाटी.”

“बघा ना नीट.”

“मी नीटच बघतो,” ते म्हणाले. हे वाक्य मी स्वतः रोज म्हणते. त्याच्यापुढे काही चालत नाही, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल.

मी पळाले. बावन्नाव्या वर्षी, साडीचा घोळ हातात धरून, भर दुपारी कॉलेजच्या आवारातून. खोलीत पलंगाखाली बघितलं, गादी उलटी केली, ट्रंकेमागे वाकले. मला धाप लागली होती. पावणेचार झाले होते. एक बोटभर हाड सापडत नाही म्हणून माझ्या लेकीनं पाच वर्षं बसमध्ये पिवळं पडत बसायचं, हा विचार मनात आला आणि मी मटकन खाली बसले. जोडीदारीण जेवून गाढ झोपली होती. तिच्या मिटलेल्या मुठीतून काहीतरी पांढरं दिसत होतं. पाठांतर करता करता तिनं पेटीतून वाटी उचलली होती आणि हातात धरूनच तिला झोप लागली होती.

मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ती जागी झाली. मी म्हटलं, “बाळ, आता ती सही दे.”

ती उठून बसली. केस मागे सारले. “काकू, मी विचार केला. तुम्हीच राहा ना इथे.”

“काय?”

“अठरा दिवस फक्त. तुम्ही ‘परत’ म्हणालात ना, की डोक्यात बसतं. माझं आज जितकं झालं तितकं आठवड्यात होत नाही. नवीन मुलगी येणार, दिवसभर फोनवर बोलणार, रडणार. मागच्या वर्षी माझं त्यानंच गेलं. ह्या वेळी गेलं तर बाबा घरी बोलावून घेणार आहेत.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती हट्ट करत नव्हती, घाबरलेली होती.

मला तिची दया आली आणि तिच्यावर चिडावंसंही वाटलं. सही तिच्या हातात होती. मी म्हटलं, “माझी लेक फोनवर बोलत नाही. ती समोरासमोरही बोलत नाही. मी तिला काही विचारलं तर मान हलवते. तुला त्रास द्यायला ती तोंडच उघडणार नाही.” हे मी तिला पटवायला सांगत होते. पण तोंडातून बाहेर पडल्यावर मलाच ते कसंतरी वाटलं. त्या मुलीनं डोळे पुसले आणि सही केली.

भांडारपालांनी वाटी पुसली, उजेडात धरली, सही दिली. चार वाजून पाच मिनिटं. वॉर्डनबाईंकडे गेले. त्यांनी कागद वाचला.

“सोडताय? एका दिवसात?”

“हो.”

“कारण?”

“कौटुंबिक.” कागदावर तोच शब्द लिहिला होता आणि तो खरा होता.

त्यांनी सही केली, पण कागद लगेच सोडला नाही. “मला वाटलं होतं तुम्ही टिकाल,” त्या म्हणाल्या. मी तिथून निघाले तेव्हा एखादी परीक्षा खरोखरच नापास झाल्यासारखं मला वाटत होतं.

साडेचारला सभागृहाची दारं उघडली. लेक बाहेर आली, गळ्यात नावाची पट्टी, हातात कागदांचं बाड. मला बघून हसली. “मिळाली ना?”

मी चालता चालता सांगितलं. थांबायला वेळच नव्हता. नमुना, फोल्डर, यादी, हाडं, सगळं. ती ऐकत होती. मला वाटलं होतं, ती हसेल किंवा रडेल. खिडकीपाशी पोचल्यावर ती म्हणाली, “आई, मी भरते म्हणाले होते.”

एवढंच. आवाज चढवला नाही. आम्ही आजवर खूप भांडलो आहोत, पण त्यात बोलणं नेहमी माझंच असायचं. मला मनापासून वाईट वाटलं आणि मी तसं म्हटलंही. “चुकलं माझं.” ती जरा दचकली. तिनं हे माझ्याकडून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

कारकुनानं सह्यांचा कागद उलटा करून लेकीपुढे सरकवला; मागच्या बाजूला खोली नावे करून देण्याचा अर्ज होता. चार एकेचाळीस. माझा हात आपोआप पेनाकडे गेला. तो मी मागे घेतला, दोन्ही हात पदराखाली धरले आणि उभी राहिले.

लेक अर्ज भरायला लागली. अक्षर भयानक होतं. नाव रकान्याच्या बाहेर गेलं. प्रवेश क्रमांक बरोबर. जन्मतारीख बरोबर. खोली क्रमांकात तिनं घाईनं एकाहत्तर लिहिलं, थांबली, आणि त्यावरच गिरवून सतरा केलं.

गिरवलेला आकडा. ह्या एका गोष्टीसाठी मी आजवर किती अर्ज परत केले असतील त्याची मोजदाद नाही. कोरा अर्ज दुसरा मिळाला असता, पण पुन्हा चार सह्या लागल्या असत्या आणि घड्याळात चार अठ्ठेचाळीस झाले होते. सांगावं का तिला? सांगून काय होणार? मी ओठ घट्ट मिटले. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात अवघड काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी ह्या दोन मिनिटांचं नाव घेईन.

कारकुनानं चष्मा कपाळावरून खाली आणला. कागद वाचत वाचत तो त्या आकड्यावर थांबला.

“हे गिरवलंय.”

लेक म्हणाली, “हो. चुकलं होतं. सतरा आहे.”

“बरं. शेजारी छोटी सही करा.”

तिनं केली. त्यानं शिक्का मारला. चार बावन्न.

“एवढंच?” मी विचारलं. मला राहवलं नाही.

“एवढंच, बाई. कळतंय ना काय लिहिलंय ते,” तो म्हणाला. मग त्यानं माझं ओळखपत्र मागून घेतलं, त्याचा कोपरा कातरला आणि खणात टाकलं.

आम्ही वर गेलो. मी ट्रंक उघडून तिचे कपडे कपाटात लावायला घेतले. वरच्या कप्प्यात काय, खालच्या कप्प्यात काय, हे मी दुपारी त्या पलंगावर बसून ठरवून ठेवलं होतं. तिनं माझ्या हातातून घड्या घेतल्या. “राहू दे आई, मी लावते.” पलीकडच्या पलंगावरची मुलगी पाठांतर करत होती आणि चुकली. माझ्या तोंडून ‘परत’ निघणार, तेवढ्यात लेकीनं तिच्याकडे बघून विचारलं, “मी पुस्तक धरू का?” अनोळखी माणसाशी ती आपण होऊन बोललेली मी पहिल्यांदा बघत होते. त्या मुलीनं पुस्तक दिलं. मला कुणी काही विचारलं नाही.

दारात वॉर्डनबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आमच्या दोघींच्या सारख्या नाकाकडे बघितलं. त्यांना सगळा उलगडा झाला असावा, पण त्या तसं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “पाच वाजले. आईवडिलांनी निघायचं.”

लेक फाटकापर्यंत आली. फाटकातल्या पहारेकरीणबाईंनी माझ्यापुढे वही सरकवली. कोणाला भेटलात, नातं काय. मी लेकीचं पूर्ण नाव लिहिलं, खोली सतरा लिहिलं, नात्याच्या रकान्यात ‘आई’ लिहिलं. पहारेकरीणबाई म्हणाल्या, “आता रविवारी. दहा ते पाच.”

“रविवारी येते मग,” मी लेकीला म्हटलं. “सकाळच्याच बसनं येते. तुला काय काय लागेल ते—”

“आई, ह्या रविवारी नको येऊस,” ती म्हणाली. “मला इथे जरा राहू दे. लागलं तर मी सांगते तुला. खरंच सांगेन.”

ती सांगेन म्हणाली, ह्याचा मला किती आनंद झाला ते मला नीट लिहिता येणार नाही, आणि नको येऊस म्हणाली ते किती लागलं तेही. मी ‘बरं’ म्हटलं. मग बस येईपर्यंत फाटकाकडे पाठ करून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि ती अजून आत गेलेली नव्हती.